दट्ट्या अगदी सावकाश दाबला तरी वायू तेवढाच कसा तापतो? (मदत हवी आहे)

आदर्श वायूचे तापमान आणि दाब यांच्या संबंधाबाबत एका ठिकाणी माझे घोडे अडले आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आकारमान कायम असताना दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो, येथवर मला शंका नाही. तापमान वाढले की रेणूंचा वेग वाढतो, त्यामुळे भिंतीवरची प्रत्येक धडक अधिक जोराची होते आणि धडकाही अधिक वेळा बसतात. म्हणून दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे, म्हणजेच केल्विनमधील तापमानाप्रमाणे वाढतो. वायू 20 अंश सेल्सिअसवरून 40 अंशांवर नेला तरी दाब दुप्पट न होता जेमतेम 7 टक्के वाढतो, कारण खरे गुणोत्तर 293 आणि 313 यांचे असते.

अडचण सुरू होते ती आकारमान बदलू लागल्यावर. नळकांड्यात 300 केल्विन तापमानाचा हेलियम आहे आणि दट्ट्या दाबून त्याचे आकारमान निम्मे केले, असे समजू. उष्णता बाहेर जाऊ देऊन तापमान 300 वरच राखले, तर दाब दुप्पट होतो. नळकांडे उष्णतारोधक असेल, तर मात्र तापमान सुमारे 476 केल्विनपर्यंत चढते आणि दाब सुमारे 3.17 पट होतो. सूत्रांवरून ही उत्तरे मला काढता येतात. प्रश्न रेणूंच्या पातळीवरचा आहे. समोरून येणाऱ्या दट्ट्यावर आपटून परतणाऱ्या रेणूचा वेग दट्ट्याच्या वेगाच्या दुपटीने वाढतो, हे पटते. पण ही सूत्रे लागू होण्यासाठी दट्ट्या अतिशय सावकाश सरकवावा, अशीच अट असते. त्याचा वेग शून्याकडे नेला, तर प्रत्येक धडकेतली ही भरही शून्याकडे जाते. मग तापमान तरीही 476 केल्विनच कसे येते?

प्रतिसाद :

भर घटते त्याच प्रमाणात धडकांची संख्या वाढते, ही यातली मेख आहे. नळकांड्याची लांबी ‘ल’, रेणूचा दट्ट्याच्या दिशेतला वेग ‘ग’ आणि दट्ट्याचा वेग ‘द’ माना. दर धडकेला ‘ग’मध्ये 2द इतकी भर पडते आणि दोन धडकांमध्ये 2ल/ग इतका वेळ जातो, म्हणून ‘ग’ वाढण्याचा दर द×ग/ल असतो. इकडे ‘ल’ घटण्याचा दर ‘द’ आहे. पहिल्या दराला दुसऱ्याने भागले की ‘द’ उडून जातो आणि ल×ग हा गुणाकार कायम राहतो, असे निघते. दट्ट्या दहापट सावकाश सरकवला, तर दर धडकेची भर दहाव्या हिश्श्यावर येईल, पण तेवढेच अंतर कापायला दहापट वेळ लागल्यामुळे धडकाही दहापट बसतील.

एवढ्यावरूनच हिशेब केला, तर लांबी निम्मी झाल्यावर वेग दुप्पट आणि तापमान चौपट यायला हवे. तसे होत नाही, कारण दट्ट्याकडून मिळालेली ऊर्जा आपसातल्या टकरींमुळे तिन्ही दिशांत वाटली जाते. तापमान 2 च्या दोन-तृतीयांश घाताइतके, म्हणजे सुमारे 1.59 पट वाढते आणि आपले 476 केल्विन मिळतात.

आणि ‘सावकाश’ याचा अर्थ रेणूंच्या मानाने सावकाश, एवढाच घ्यावा. 300 केल्विनला हेलियमच्या अणूंचा वेग सेकंदाला सरासरी 1,300 मीटरच्या आसपास असतो, त्यापुढे सेकंदाला एक मीटर सरकणारा दट्ट्याही पुरेसा सावकाशच आहे.