वाळलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळात जीव उरतो का?

भातवाला_रोहा: मंडळी, उन्हाळ्यात ट्रेमध्ये माती, पाणी नि सुपर फॉस्फेट घालून शेवाळ वाढवलं. पाणी आटल्यावर सुटलेले पापुद्रे पिशवीत भरून ठेवले. आता लावणी तोंडावर आली आणि पिशवीत नुसता काळपट भुगा दिसतोय. खाचरात टाकून काही उपयोग होईल का? युरिया नेहमीएवढाच द्यायचा का?

सूक्ष्मदर्शक_ताई: दादा, टाकून देऊ नका! वनस्पतिशास्त्राच्या मुलांना मी दरवर्षी हेच दाखवते. अ‍ॅनाबिना या निळ्या-हिरव्या शेवाळाचा धागा म्हणजे मण्यांची माळ. साधारण दहा ते वीस मण्यांनंतर एक फिकट, जाड भिंतीची पेशी येते, टोकांना चमकदार ठिपके असलेली. ती हेटरोसिस्ट, हवेतलं नत्र पकडणारी पेशी. काही धाग्यांत शेजारणींपेक्षा बरीच मोठी, गडद, दाणेदार पेशी सापडते, ती अकिनेट, वाईट काळात तग धरणारी पेशी. पुष्कळजण दोघींची गल्लत करतात.

तुमच्या भुग्यातला जीव मुख्यतः अकिनेटांनी राखलाय. उजेड कमी झाला, स्फुरद संपत आलं की साध्या पेशीच साठा भरून घेतात, जाड कवच चढवतात आणि वाढ थांबवतात. तळ्यांच्या गाळात अशा पेशी कित्येक दशकं तग धरून राहिलेल्या आढळल्यात. पाणी, उजेड मिळाला की कवच फुटून छोटा धागा बाहेर येतो. चिमूटभर भुगा काचेच्या बरणीत पाणी नि किंचित सुपर फॉस्फेट घालून उजेडात ठेवा, काही दिवसांत हिरवी झाक दिसली की समजा जिवंत आहे.

हेटरोसिस्ट बनण्याचं कारण वेगळं, नत्राची उपासमार. नत्र पकडणाऱ्या विकराला प्राणवायू सोसत नाही. म्हणून ही पेशी प्राणवायू सोडणारी यंत्रणाच बंद करते. अन्न शेजारणींकडून घेते, त्यांना नत्र पुरवते, आणि पुन्हा कधी विभागत नाही. हे सगळं साधारण एका दिवसात! मला या पेशीचं फार अप्रूप वाटतं.

भातवाला_रोहा: म्हणजे युरिया टाकला की ती बनणारच नाही?

सूक्ष्मदर्शक_ताई: बरोबर. युरियातून पाण्यात भरपूर अमोनिया आला तर धाग्याला हेटरोसिस्टची गरजच पडत नाही. शेवाळ लावणीनंतर आठवड्याने, हेक्टरी १० किलो, उभ्या पाण्यात टाका. त्याच वेळी युरिया नको. मात्र शेवाळ पिकाची सगळी गरज भागवत नाही, त्यातून हेक्टरी २५ ते ३० किलो नत्र मिळतं असं धरतात. बाकीचं माती परीक्षणाप्रमाणे द्या.

गाळपेर: एक भर. नॉस्टॉक कम्यून हे दुसरं निळं-हिरवं शेवाळ अकिनेटांवाचून, मुख्यतः चिकट आवरणाच्या जोरावर टिकतं. ८७ वर्षं कोरडा ठेवलेला नमुना पाण्यात पुन्हा वाढल्याची नोंद १९४१ ची आहे. आणि दादा, खाचरातल्या गोगलगायी नि बारीक कवचवाले जीव कोवळं शेवाळ फस्त करतात. पहिले काही दिवस तिकडे लक्ष असू द्या.