मदत हवी आहे: धुळीच्या महिन्यांत कूलर कसा चालवायचा?

आईला दमा आहे आणि आम्ही राहतो त्या वाळवंटी गावात हवेचा त्रास वर्षातून दोनदा होतो. थंडीत रात्री गार हवा जमिनीलगत दबून राहते, धूर अडकतो आणि पहाटे पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) चढतं. ऊन वर आलं की उतरतं. तेव्हा खिडक्या दुपारीच उघडतो, भागतं.

खरी पंचाईत उन्हाळ्यात. वादळानंतर खिडकीच्या कट्ट्यावर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ, आणि टेबलावरचं हवेची शुद्धता मोजायचं स्वस्तातलं मीटर मात्र हिरवंगार, म्हणजे हवा चांगली! (त्यातला लेझर सेन्सर जाड कण नीट मोजत नाही, हे मला फार उशिरा कळलं.)

घर भाड्याचं, एसी शक्य नाही. कूलरला खिडकी उघडी लागते, म्हणून हेपा प्युरिफायर (हवेतले बारीक कण गाळणारं यंत्र) असून नसल्यासारखा. कूलरच्या जाळीवर ओलं सुती कापड बांधून पाहिलं. धूळ थोडी कमी झाली, पण वाराही पडला. औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू आहेत, प्रश्न त्यांचा नाही.

वारा फारसा न अडवता धूळ रोखणारं कापड किंवा फिल्टर कुणी कूलरला लावलाय का? आणि वादळ ओसरल्यावर कूलर किती वेळाने पुन्हा सुरू करता?