जुन्या अँप्लिफायरला वेगळा डॅक लावला तर आवाज खरंच सुधारतो का?

समुद्राकडची, गुहागर
मंडळी, घरात बाबांचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर आहेत. सीडी प्लेयर गेल्या पावसाळ्यात कायमचा गेला, तेव्हापासून लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून अँप्लिफायरला जोडली आहे. रात्री टीव्हीही त्यावरच. ऐकणारे मुख्यतः बाबा: नाट्यपदं, अभंग, जुनी भावगीतं. अडचण अशी की मागे सतत ‘घूंऽऽ’ चालू असतं, आणि आवाज बारीक ठेवला की उजवा स्पीकर मधेच मुका होतो. पुण्याचा भाऊ म्हणतो, आठ-नऊ हजारांचा वेगळा डॅक घे (लॅपटॉपमधल्या आकड्यांच्या गाण्याचं अँप्लिफायरला कळणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा), पडदा उठल्यासारखं होईल. बाबा म्हणतात, तेवढ्यात कलमांना खत येईल. कोणाचं ऐकू?

खाडीपलीकडचा, रत्नागिरी
बिनधास्त घ्या ताई. मी लॉकडाऊनमध्ये घेतला. तंबोऱ्याच्या तारा आता सुट्ट्या ऐकू येतात. लॅपटॉपमधलं सर्किट म्हणजे नुसता कचरा असतो. एकदा डॅक लावलात की काढायचं नाव घेणार नाही.

खरखर_काका, कुडाळ
ताई, वडिलांचं ऐका. निदान या महिन्यात तरी.

मी अँप्लिफायर दुरुस्त करतो आणि हंगामात दशावताराला माईक लावतो. खारी हवा या सामानाचं काय करते ते रोज बघतो. तुमचा उजवा स्पीकर मुका होतो त्याचा डॅकशी काडीचा संबंध नाही. बारीक आवाजात जातो आणि मोठा केला की ‘टक’ होऊन परत येतो, असं असेल तर आतल्या रिलेचे, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या विजेच्या स्विचचे, पॉइंट काळे पडलेत. बटण फिरवताना खरखर होत असेल तर व्हॉल्यूमच्या बटणामागचा पॉट खराब. मागचे आरसीए जॅकही (लाल-पांढऱ्या पिना घालतो ती भोकं) बघा, आपल्याकडे त्यांच्यावर हिरवट थर धरतो. मेनचा प्लग काढा, पिना उपसा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि पिना गोल फिरवत परत घाला. क्लीनर म्हणजे क्लीनरच. घरातलं शिलाई मशीनचं तेल नव्हे. रिलेचं काम मात्र माहितगाराकडून करून घ्या, कारण बंद केल्यावरही आतले मोठे कॅपॅसिटर काही वेळ भरलेले असतात. आणि हो, स्पीकरची जाळी काढून आतल्या कागदी पडद्याच्या कडेचा फोम हलकेच दाबून बघा. बोटाला भुगा लागला तर पहिला खर्च तिथे.

आता ‘घूं’. गाणं चालू असताना लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज बंद झाला तर ते अर्थिंगचं वेटोळं. लॅपटॉप आणि अँप्लिफायर, किंवा त्याला जोडलेला टीव्ही, यांची अर्थ दोन वाटांनी जोडली गेली की त्या वायरींतून ५० हर्ट्झचा बारीकसा करंट फिरत राहतो आणि गाण्यात मिसळतो. लोक फसतात ते इथे. यूएसबीवरचा डॅक आणला तरी यूएसबीतली ग्राउंडची वायर तीच वाट पुन्हा जोडून देते. पैसे जातात, घूं राहतं. ऑप्टिकल केबलमध्ये तांबं नसतंच, नुसता प्रकाश जातो, म्हणून तिथे वेटोळं तुटतं. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. घूं जाईल, उद्या माणूसही जाईल.

राहता राहिला डॅक. तो तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे, टीव्हीत आहे, गेलेल्या सीडी प्लेयरमध्येही होता; त्याच्याशिवाय आकड्यांचं गाणं होतच नाही. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली ती १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापं, प्रत्येक माप १६ बिटांचं. १६ बिटांत सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं काही लावलंत तर सुईची खरखरच एवढी वर असते की त्यातलं अर्धंही वापरात येत नाही. बाबांना तिथे नवा डॅक निराळं काय ऐकवणार? यूट्यूबवरचा आवाज तर फाइल लहान करायला आधीच दाबून बारीक केलेला असतो.

त्यापेक्षा स्पीकर कोपऱ्यात असतील तर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा आणि बाबांच्या कानाच्या उंचीला आणा. चिऱ्याची गिलावा केलेली भिंत आणि खाली लादी असेल तर शब्द घुमतात. एखादी जाड गोधडी टांगून बघा. फुकटात होतं.

वायंगणकडचो, मालवण
माका येक सांगा, आषाढात कौलांर पाऊस पडता तेव्हा तुमचो सोळावो बिट कोणाक ऐकाक येता?

खाडीपलीकडचा, रत्नागिरी
काका, म्हणजे मला ऐकू येणारा फरक हा भास?

खरखर_काका, कुडाळ
भास कशाला, फरक असणारच, पण बहुधा तो आवाज वाढल्याचा. लॅपटॉपच्या भोकातून साधारण १ व्होल्ट निघतो, घरगुती डॅकमधून २. म्हणजे सरळ ६ डेसिबल जास्त. आवाज जरा मोठा झाला की कानाला तो स्वच्छ वाटतो. दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं. तुम्ही १०० हर्ट्झचा सूर बेताच्या आवाजात लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टोकांना धरा, आणि दोन्ही जोडण्यांना आकडा सारखा येईपर्यंत व्हॉल्यूम जुळवा. मग वहिनींना वायर बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा. तरीही दर वेळी ओळखलंत तर तुमच्या लॅपटॉपचं सर्किट खरंच वाईट, आणि डॅक घेतलात ते योग्यच. असे लॅपटॉप असतात. माउस हलवला की स्पीकरमधून चिर्र येते, असे माझ्या बाकावर आलेले आहेत.

खाडीपलीकडचा, रत्नागिरी
मल्टिमीटर आहे. वहिनी माहेरी गेल्यात. आल्या की करतो.

समुद्राकडची, गुहागर
काका, चार्जर काढला आणि घूं बंद! उजवा स्पीकर अगदी तुम्ही लिहिलंत तसाच ‘टक’ होऊन येतो, म्हणजे तो रिले. फोम शाबूत आहे. आमच्या टीव्हीला ऑप्टिकलचं भोक आहे, लॅपटॉपला नाही. गाणी पेनड्राइव्हवर घालून टीव्हीवरूनच लावली तर? मग डॅक लागेलच ना?

खरखर_काका, कुडाळ
हो, आता लागेल, कारण तुमच्या अँप्लिफायरला प्रकाश कळत नाही. पण तो भाऊ म्हणतो तसला नको. ऑप्टिकलमधून आरसीए काढणारा साधा डबा हजाराच्या आसपास मिळतो, बाबांच्या नाट्यपदांना तो पुरे. त्याला वीज मोबाइलच्या दोन पिनांच्या चार्जरवरून द्या. टीव्हीच्या यूएसबीतून दिलीत तर तांब्याची वाट पुन्हा जोडली जाईल आणि घूं परत येऊ शकेल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर, म्हणजे न दाबलेल्या साध्या आवाजावर, ठेवा. डॉल्बीवर राहिलं तर असला डबा गप्प बसतो किंवा नुसता फसफसतो, आणि लोक डबा खराब म्हणून परत पाठवतात. बऱ्याच टीव्हींचा रिमोट ऑप्टिकलवर आवाज कमी-जास्त करत नाही, तेव्हा बाबांना अँप्लिफायरच्या बटणापर्यंत उठावं लागेल.

केबल फार कोनात वाकवू नका. तिच्या दोन्ही टोकांना बारीक प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्या आधी काढा. टोपीसकट दामटून भोक फोडलेले टीव्ही येतात माझ्याकडे.