‘सॉफ्ट स्किल्स’ आणि ‘प्रोफेशनल’ यांना मराठीत काय म्हणावे?

लेखणी :
नोकरी शोधणाऱ्यांसाठीच्या एका मार्गदर्शिकेचा अनुवाद करते आहे. ‘सॉफ्ट स्किल्स’साठी मी ‘मृदू कौशल्ये’ लिहिले. परंतु खर्डा वाचणाऱ्या एका उमेदवाराने त्याचा अर्थ ‘मुलाखतीत नरमाईने बोलावे’ असा घेतला. मूळ मजकुरात तर पगाराविषयी ठामपणे बोलणेही याच सदरात मोडते. ‘प्रोफेशनल’ला ‘व्यावसायिक’ म्हणावे, तर ‘व्यावसायिक वागणूक’ म्हणजे पैशापुरती वागणूक असे वाटते. कृपया पर्याय सुचवावेत.

पारंबी :
‘सॉफ्ट स्किल्स’ ही संज्ञा अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणातून पुढे आली. १९७२ साली त्यांनी या विषयावर परिषद घेतली, तेव्हा ज्यांत यंत्रांशी संबंध जवळजवळ येत नाही अशी कामाची कौशल्ये, असा तिचा अर्थ मांडला गेला. स्वभावाच्या मऊपणाशी तिचे काहीच नाते नसल्यामुळे ‘मृदू’ सोडून ‘व्यवहारकौशल्ये’ घ्यावे.

अन्वय :
‘व्यवहार’ म्हटले की देवघेव आठवते, त्यामुळे अडचण तीच राहते. मला मात्र ‘व्यावसायिक’ शब्द इतक्या सहज टाकून द्यावासा वाटत नाही. संस्कृतात ‘व्यवसाय’ म्हणजे निश्चय, नेटाचा प्रयत्न. गीतेतील ‘व्यवसायात्मिका बुद्धि’ हीच. पोटापाण्याचा उद्योग हा अर्थ त्याला नंतर चिकटला. हाती घेतलेले काम निश्चयाने तडीस नेणारा तो व्यावसायिक, हा अर्थ आपण लिहून लिहून पुन्हा रुजवला पाहिजे.

तळटीप :
व्युत्पत्ती मान्य आहे, पण वाचक शब्द वापरातून शिकतो. व्यावसायिक गाळा, व्यावसायिक रंगभूमी हे रोज कानांवर पडत असताना गीतेतला अर्थ कोणाला आठवणार? मी उमेदवारांच्या मुलाखती घेत असे. आम्ही निवडलेल्या एका मुलीला दुसरीकडे अधिक चांगली नोकरी मिळाली. त्याच दिवशी तिने फोन करून नकार कळवला, लगोलग लेखी पत्र पाठवले आणि यादीतल्या पुढच्या उमेदवाराला वेळेत बोलावता यावे म्हणून घाई केली, असे त्यात नमूद केले. तिच्याबद्दल आम्ही सगळेच ‘किती प्रोफेशनल!’ म्हणालो. कोणाच्याही तोंडी ‘व्यावसायिक’ आले नाही. रुळलेला शब्द देवनागरीत तसाच ठेवावा.

अन्वय :
तसाच ठेवायचा, तर अनुवाद कशासाठी करायचा? त्या मुलीच्या वागण्याला मराठीत ‘चोख’ म्हणतात.

पारंबी :
‘चोख’ हिशेबही असतो आणि चोख वागणारा माणूस तुसडाही असू शकतो. समोरच्याची अडचण ओळखणे हा त्या मुलीचा खरा गुण होता. ‘पेशाची बूज राखणे’ हा आपला जुना वाक्प्रचार मला अधिक जवळचा वाटतो.

लेखणी :
‘बूज राखणे’ फार आवडले. परंतु ही मार्गदर्शिका पहिलीच नोकरी शोधणाऱ्यांसाठी आहे. ज्याला अजून पेशाच मिळालेला नाही, त्याने बूज कशाची राखायची?

तळटीप :
दिलेल्या शब्दाची. मुलाखतीची वेळ कबूल केली की ती पाळणे, येत नसलेले ‘येत नाही’ म्हणून सांगणे, यांसाठी आधी पेशा मिळावा लागत नाही.

अन्वय :
मग तो सचोटीचा प्रांत झाला. सचोटीला कौशल्य म्हणायला माझा ठाम विरोध आहे. कौशल्य शिकवता येते.

पारंबी :
सचोटीही शिकवता येते. आपण सगळे ती कोणाकडून तरी शिकलोच आहोत.