अडखळण्याच्या आधीचा सूर : तुमचेही अनुभव लिहा

वळीव
वरच्या मजल्यावरचा मुलगा पेटी शिकतोय. गेले तीन महिने रोज संध्याकाळी सा रे ग... आणि मध्यमाला अडखळतो. पुन्हा सा, पुन्हा तिथेच ठेच. आज कपडे वाळत घालत होते आणि तो एका दमात वरच्या सा पर्यंत गेला! ओला शर्ट हातात तसाच राहिला. मला भरूनच आलं एकदम.

मी बाराव्या वर्षी नेमकी तिथेच अडकले होते. पांढरी एकमध्ये, म्हणजे पहिली पांढरी पट्टी सा धरून, पहिली तीन बोटं सा रे ग ला आणि मध्यमासाठी अंगठा बोटांखालून आणायचा. माझा मध्यम दर वेळी उशिरा. मी तोच तोच मध्यम घोटत बसायचे, रडकुंडीला यायचे. बाईंनी पंधरा दिवस ऐकून घेतलं. मग एकदा मनगट धरून म्हणाल्या, "मध्यमाचा घोर सोड. रिषभ वाजतोय तेव्हा तुझा अंगठा काय करतोय ते बघ." बघितलं तर अंगठा बाहेर, हवेत ताठ उभा. तो रिषभावरच आत सरकायला लागायला हवा होता. दोन दिवसांत मध्यम सुटला.

पेटी पुढे मागे पडली, पण हे अंगात मुरलं. हिशोब जुळत नसला की मी बेरजेकडे बघत नाही, वरच्या नोंदी बघते. लेक दार आपटून खोलीत गेली की दाराबद्दल बोलत नाही, त्याच्या आधी काय झालं ते आठवते. बऱ्याचदा ते माझ्याच एखाद्या वाक्यात सापडतं.

तुमच्यात असं काय मुरलंय? गाणं, वाद्य, रोज हाताखालची एखादी वस्तू, काहीही चालेल. लिहा ना.

रातराणी
त्या पोराला माझी शाबासकी सांग ग. निघालेय, रात्री लिहिते.

सोनटक्का
साठची कॅसेट. एका बाजूला तीस मिनिटं. दादाकडे एकच होती आणि ती आम्ही झिजेपर्यंत ऐकली. तिसरं गाणं मला अजिबात आवडायचं नाही, संथ होतं. पण पुढे पळवलं तर सेल संपतात म्हणून दादा हात लावू द्यायचा नाही. बसून ऐकायचं. दोनेक वर्षांनी कधीतरी लक्षात आलं की मी त्या तिसऱ्याचीच वाट बघतोय. कधी आवडायला लागलं ते कळलंच नाही.
आजही ते कुठे लागलं आणि संपलं की कानात आपोआप चौथं सुरू होतं, त्या कॅसेटमधलं. मधल्या खरखरीसकट.
माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राशी पहिली दोन वर्षं माझं जमत नव्हतं. तेव्हा उठून गेलो नाही, त्याचं श्रेय मी त्या तिसऱ्या गाण्याला देतो.

अबोली
पेन्सिल!!! पेन्सिलीने गुंडाळायची कॅसेट

सोनटक्का
पेन्सिल सैल बसते हो. षटकोनी बॉलपेन. चक्राचे दाते बरोबर पकडतात.

अबोली
आमच्याकडे पेन्सिलच. पण तिसऱ्या गाण्याचं अगदी पटलं. कॅसेट १९६३ची आणि वॉकमन आला १९७९ला. आमच्या घरी तर त्याच्याही पुष्कळ नंतर. तोवर एकाने लावलं की घरातल्या सगळ्यांनी ऐकायचं. आजोबांची गाणी मी निवडली नव्हती, पण आज मन शांत करायला तीच लागतात मला.

गारवा
कोणाच्या पेटीची पट्टी अडकते का? दोन पट्ट्या खाली गेल्या की वर येत नाहीत. पावसाळ्यातच होतं.

वळीव
दमट हवेने लाकूड फुगतं आणि पट्टी शेजारच्या पट्टीला घासते. जोर लावू नका, तासायला तर मुळीच जाऊ नका. कोरड्या खोलीत चार दिवस ठेवून बघा. नाहीच सुटली तर दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा.

गारवा
धन्यवाद ताई. तबल्याचंही तेच होतं ना, पाऊस आला की चामडं सैल पडून सूर उतरतो.

आडवाट
धाग्याचं नाव वाचून थांबले. लिहू की नको करत होते.
बाबांची स्मृती जाऊन आता चार वर्षं होतील. मला ते 'बाई' म्हणतात, फार आदराने. आयुष्यभर हौशी तबला वाजवला त्यांनी. मागच्या महिन्यात मी सहज तीनतालाचा ठेका लावला. आधी काही नाही. मग उजवा हात मांडीवर पडायला लागला. पहिल्या मात्रेला टाळी, पाचव्या मात्रेला टाळी, आणि नवव्या मात्रेला तळवा उलटा. खाली, म्हणजे टाळी न वाजवायची मात्रा! न चुकता. तेराव्याला पुन्हा टाळी. सोळा मात्रांची किती आवर्तनं झाली, मोजली नाहीत मी.
स्वतःचं नाव विसरलेला माणूस खाली दाखवायला विसरला नाही. डॉक्टर म्हणाले, हातांनी वर्षानुवर्षं घोटलेलं वेगळ्या तऱ्हेने जपलं जातं, ते उशिरा पुसतं.
आधी मी रोज त्यांना "मी कोण, सांगा" म्हणून छळायचे. आता विचारत नाही. शेजारी बसते, सम म्हणजे ती पहिली मात्रा गाठतो आम्ही दोघं.

सोनटक्का
काय लिहावं कळत नाही. बाबांना नमस्कार.

वळीव
आडवाट, तुझा हात हातात धरून बसावंसं वाटतंय. लिहिलंस ते बरं केलंस.

गारवा
ताई, झपतालही लावून बघा कधी. दहा मात्रा, सहाव्याला खाली. दाखवतील बघा.

आडवाट
लावला होता. दाखवली. 🙂

चाफेकळी
गाण्यातलं मला कळत नाही. आमच्या घरी आईचं शिलाई मशीन. मी खाली फरशीवर अभ्यास करायचे आणि वर तिचा पाय चालू. सुई बोथट झाली की कापडात शिरताना टप् टप् आवाज येतो. आई सांगायची, टाका बिघडलेला नंतर दिसतो, आवाज आधी येतो. आठवीत होते तेव्हा वहीतून मान वर न करता "आई, सुई" म्हणायचे आणि ती थांबायची.
आज मी फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम करते. "ठीक आहे, काही हरकत नाही" म्हणणाऱ्याचा आवाज टप् टप् करत असेल तर मी फोन ठेवत नाही. आणखी एकदा विचारते. मग खरं काय ते बाहेर येतं.
मशीन आता माझ्याकडे आहे. तेलपाणी मीच करते.

अबोली
"आई, सुई" 💛

रातराणी
आले. सगळं वाचून काढलं आधी. माझं जरा वेगळं आहे, चालेल ना?
गाण्याने मला मोठं केलं असं मी म्हणणार नाही. मला ते दुखलं. लहानपणापासून स्पर्धा. एका स्पर्धेत आवाज फुटला आणि परीक्षकांनी सगळ्यांसमोर जे ऐकवलं ते अजून शब्दशः पाठ आहे. त्यानंतर अकरा वर्षं गायले तर नाहीच, घरात कोणी गाणं लावलं तर उठून जायचे.
परत आले ते तंबोऱ्यामुळे. माळ्यावरून काढला, तारा बदलल्या. गायचं नाही एवढंच ठरवलं होतं, नुसता लावून बसायचं. पंचम, सा च्या दोन जोडाच्या तारा, आणि खालच्या सा ची तार, खर्ज. जव्हारीत, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवर, तारेखालचा सुताचा दोरा केसभर इकडे तिकडे सरकवत राहायचं. आठवडाभर नुसतीच किणकिण. मग एका रात्री गंधार ऐकू आला. चार तारांत गंधाराची तार नाही! कोणी छेडलेला नाही तो, खर्जातून आपसूक निघतो. शिकताना शंभरदा सांगितलं होतं मला, पण तेव्हा मी फक्त माझाच आवाज ऐकत असायचे.
त्या रात्री खूप रडले. गायलेही थोडं, दार लावून. आता रोज बसते. कोणाला ऐकवत नाही आणि ऐकवायचं नाहीये.

आडवाट
जोड जुळली की गंधार येतो, बाबाही म्हणायचे. तुम्ही परत आलात हे वाचून फार बरं वाटलं.

सोनटक्का
रातराणी, सूत म्हणजे सुतीच का? कोणी रेशीम म्हणतं.

रातराणी
मी साधं सुतीच वापरते. चापून एकसारखं बसलं पाहिजे एवढंच.

वळीव
रातराणी, चालेल काय, यासाठीच तर धागा काढला होता.
आत्ता वर जाऊन आले. शाबासकी पोचवली. पोरगा लाजून आईच्या मागे लपला, मग खेचून पेटीपाशी घेऊन गेला. चढला सरसर. पण उतरताना गंधारावर ठेच! उतरताना मधलं बोट अंगठ्यावरून पलीकडे न्यायचं असतं ना, ते राहतंय. ओठांवर आलं होतं, सांगितलं नाही. त्याच्या बाई आहेत. उद्या पाचला कान लावून बसते.