कोड फोल्डिंग खरंच कामाचं आहे का नुसता पसारा झाकायची सोय?

शाहूपुरीकर:
मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर माझ्याकडं आलंय, आधीचा पोरगा सोडून गेला. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत एकच फाईल, २४०० ओळी, शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, उचल सगळं त्यातच. खालचं वाचता वाचता वरचं डोक्यातनं जातंय. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये डावीकडं जो बाण असतो त्याने कोडचे ब्लॉक मिटवून (म्हणजे फोल्ड करून, पहिली ओळ तेवढी दिसते) बघतोय, बरं पडतंय, पण आमचे सर म्हणतात की हा झाकलेला पसारा आहे, फंक्शनच (एका कामाचा नाव दिलेला कोडचा तुकडा) लहान लिहायला शिका. आणि मिटवलेल्या भागातलं काही शोधलं तर सापडतं का?

उद्यमनगरवाला:
सापडतं भावा, कंट्रोल एफने शोधलंस की तो भाग आपोआप उघडतो. आणि एक एक बाण दाबत बसू नको. कंट्रोल के आणि लगेच कंट्रोल झीरो, सगळं मिटतं, कंट्रोल के कंट्रोल जे ने सगळं उघडतं. क्लास (फंक्शनांचा एकत्र गठ्ठा) असेल तर शेवटी झीरोऐवजी २ चा आकडा दाब, म्हणजे क्लास उघडा राहतो आणि आतली फंक्शनं तेवढी मिटतात, फक्त कर्सर ज्या फंक्शनमध्ये आहे ते मिटत नाही आणि ते लई सोयीचं आहे. दुसऱ्याचा कोड हातात आला की मी पहिलं हेच करतो, आधी नुसती नावं वाचायची.

कळंबा_रोड:
मी व्हिम हा दुसरा एडिटर वापरतो, तिथं झेड ए ने एक फोल्ड उघडतो मिटतो, झेड आणि कॅपिटल एम ने सगळे मिटतात, झेड आणि कॅपिटल आर ने उघडतात. पण जपून, मिटलेल्या फोल्डवर डीडी (ओळ काढायची कमांड) मारलं तर ती एक ओळ नाही, आतलं सगळं जातं. माझं एकदा अख्खं फंक्शन गेलं आणि मला वाटलं रिकामी ओळ काढली, नशीब लगेच लक्षात आलं आणि यू दाबून परत आणलं. त्या दिवसापासनं काही काढायचं असेल तर आधी उघडतो.

राजारामपुरी ९वी गल्ली:
सरांचं नवीन कोडसाठी बरोबरच आहे. मिटवलं म्हणून एकात एक ६ पातळ्यांचं इफ-एल्स (अटींचा कोड) सोपं होत नाही. पण हा कोड याने लिहिलेलाच नाही ना, आयता गळ्यात पडलाय, तो आधी समजायला नको का? आणि एक बघा, एडिटरकडं त्या भाषेसाठी वेगळं फोल्डिंग नसेल तर व्हीएस कोड इंडेंटवरनंच ठरवतं, म्हणजे डावीकडची जागा वेडीवाकडी असली की फोल्डपण वेडेवाकडे होतात, तेव्हा फाईल आधी फॉरमॅट करून (ती जागा सारखी लावून) घ्या. मग #रीजन आणि #एंडरीजन या कमेंट इंग्रजीत टाकून हमालीचा भाग, पट्टीचा भाग असे कप्पे करता येतात.

शाहूपुरीकर:
सगळ्यांचे आभार, आज बसून केलं. फॉरमॅट केलं, सगळं मिटवलं आणि मग डावीकडचे ओळ नंबर दिसले, ४१२ च्या खाली थेट १०३८. म्हणजे पट्टीचं एकच फंक्शन सव्वासहाशेच्या आसपास ओळींचं आहे, इतके दिवस स्क्रोल करून मला हे कळलंच नव्हतं. सरांना स्क्रीन दाखवली, ते म्हणाले हेच आधी फोड. उद्यापासनं हमाली आणि तोलाई त्यातनं बाहेर काढायला घेतोय.