‘कमाल इनपुट’ : मर्यादा नेमकी कशाची?

प्रश्न : आरएफ (रेडिओ-वारंवारिता) परिपथांतून सिग्नल कसा जातो-परततो हे मोजणाऱ्या नेटवर्क अ‍ॅनालायझरच्या पोर्टाशेजारी ‘मॅक्स +२६ डीबीएम, ३५ व्होल्ट डीसी’ अशी सूचना छापलेली आहे. माहितीपुस्तिकेत मी तिचे ‘कमाल इनपुट मर्यादा’ असे भाषांतर केले, परंतु तपासनिसांनी ‘मर्यादा’ या शब्दाला हरकत घेतली. शिवाय ‘कॉम्प्रेशन’साठी ‘संपीडन’ योग्य ठरेल का?

उत्तर : हरकत रास्त आहे. नुसते ‘मर्यादा’ म्हटले की तिच्या आतले प्रत्येक मोजमाप भरवशाचे आहे, असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात +२६ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये सांगितलेली शक्ती), म्हणजे सुमारे ४०० मिलिवॉट, ही पोर्ट जळण्याची सीमा आहे. पोर्टामागचा, सिग्नल मोजणारा रिसीव्हर त्याच्या कितीतरी आधी चुकू लागतो. समजा, १० वॉटचा, म्हणजे ४० डीबीएमचा अ‍ॅम्प्लिफायर तपासायचा आहे आणि मध्ये सिग्नल क्षीण करणारा २० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लावला आहे. पोर्टावर २० डीबीएम पोहोचतात, काहीही जळत नाही. पण रिसीव्हरची ०.१ डीबी कॉम्प्रेशनची पातळी, म्हणजे वाचन ०.१ डीबीने कमी पडते ती इनपुट पातळी, १० डीबीएम असेल, तर वाचन खऱ्यापेक्षा कमी येते आणि दोष बिचाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या माथी बसतो. अ‍ॅटेन्युएटर आणखी १०-२० डीबीने वाढवून, नव्याने कॅलिब्रेशन करून पाहावे. गेनमधली (सिग्नल किती पट वाढतो त्यातली) घट नाहीशी झाली, तर ती रिसीव्हरचीच होती. म्हणून पोर्टाशेजारच्या आकड्याला ‘सहनमर्यादा’ आणि कॉम्प्रेशनच्या पातळीला ‘अचूकतेची मर्यादा’ म्हणावे, असे मला वाटते.

‘संपीडन’ कोशात शोभते, पण ते वाचून हवा भरण्याचा पंप डोळ्यांपुढे येतो. येथे काहीच आवळले जात नाही. इनपुट जितके वाढते तितके वाचन वाढत नाही, एवढेच. त्यासाठी ‘दबणे’ हे क्रियापद आपल्याकडे आहेच : ‘रिसीव्हर दबला’, ‘वाचन दबते’.

प्रतिप्रश्न : क्रियापद पटले, पण तक्त्यात नाम लागते. तसेच अ‍ॅटेन्युएटर सरसकट ४० डीबीचाच लावा, अशी सूचना दिली तर?

उत्तर : तक्त्यात ‘कॉम्प्रेशन पातळी’ असेच राहू द्यावे, ‘दबाव’ लिहिल्यास भलताच अर्थ होईल. सरसकट सूचना मात्र टाळावी. अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटकडून परावर्तन मोजताना सिग्नल अ‍ॅटेन्युएटरमधून जाऊन परत येतो, म्हणजे ८० डीबी खर्ची पडतात आणि उरलेला सिग्नल नॉइज फ्लोअरजवळ, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या गोंगाटाच्या पातळीजवळ, घुटमळतो. आयएफ बँडविड्थ (रिसीव्हरच्या फिल्टरची रुंदी) दहापट कमी केली की नॉइज १० डीबीने उतरतो, पण स्वीपचा, म्हणजे सर्व वारंवारितांवरून एक फेरी मारण्याचा, वेळही जवळजवळ त्याच पटीत वाढतो. आणि अ‍ॅटेन्युएटरची स्वतःची सहनमर्यादा १० वॉटहून अधिक हवी, हे त्याच ओळीत लिहावे.